कयाकमधून जिताडा: कोकणच्या खाडीत गरवायला सुरुवात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागली की गुहागर-दाभोळच्या बाजूला गाड्यांच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या, बांधून माणसं येऊ लागतात. व्हिडिओ पाहून बास पकडायला निघालेली, हौशी, चांगली माणसं. त्यांचे प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच माणसं अडचणीत येतात.

व्हिडिओत दिसतो तो बास कोकणात मिळतो का?

नाही. अमेरिकेतल्या तळ्यांत, बुडालेल्या झाडांच्या खोडाशी पकडतात तो लार्जमाउथ बास. तो गोड्या पाण्यातला, मूळचा उत्तर अमेरिकेतला. आपल्या खाड्यांत त्याच्यासारखीच एखादी अडोशाची जागा धरून बसणारा आणि आमिषावर तुटून पडणारा मासा म्हणजे जिताडा. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात, शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. गोव्यात तोच चोणक, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. दोन्ही माशांची कुळं वेगळी आहेत, नावातला 'बास' तेवढा सारखा.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. शिकण्यासाठी व्हिडिओ बघायचेच असतील तर बासचे सोडा, बॅरामुंडीचे बघा. तिथेही खारफुटी, गढूळ पाणी, भरती-ओहोटी आणि चिखल आहे. तिथलं पुष्कळसं आपल्या खाडीत जसंच्या तसं लागू पडतं.

रायगडात पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताड्याची पिल्लं शेततळ्यात सोडून वाढवायची जुनी रीत आहे. तिथला जिताडा प्रसिद्ध आहे, पण ती तळी कुणाच्या तरी मालकीची असतात. दिसलं पाणी की टाकली गरी, असं करू नका.

किनाऱ्यावर उभं राहून गरवता येतं, म्हणजे गरीने मासे पकडता येतात, मग कयाक कशाला?

कारण जिताडा जिथे असतो तिथे पायी पोचता येत नाही. खारफुटीच्या कडेला कमरेएवढा गाळ असतो, खडकांवर कालवांच्या धारदार कडा असतात. इंजिनाची होडी तिथे गेली तर आवाजाने मासा बिथरतो आणि उथळ पाण्यात पंखा अडकतो. कयाकला वीतभर पाणी पुरतं आणि ती आवाज करत नाही. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, मुळांपासून दहा-बारा मीटरवर जाऊन थांबलात तर बोय माशांचा थवा तुमच्या बाजूने निघून जातो आणि त्यांच्यामागून 'भप्प' असा पोकळ आवाज येतो. तो जिताडा तोंड उघडून पाणी आणि मासा एकदमच ओढून घेतो त्याचा आवाज. एकदा ऐकला की रात्री झोपेतही ऐकू येतो.

मला पोहता येत नाही. चालेल?

नाही चालणार. आधी पोहायला शिका, खाडी कुठे जात नाही.

कयाक कोणती घ्यावी?

वर बसायची, म्हणजे 'सिट ऑन टॉप'. आत पाय घालून बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते, आणि खाडीच्या मधोमध ती उपसणं नवख्याला जमत नाही. वर बसायच्या कयाकला तळातून आरपार भोकं असतात, आलेलं पाणी आपसूक निघून जातं. उलटली तरी सरळ करून पुन्हा चढता येतं.

लांबी दहा ते बारा फूट आणि रुंदी तीस-बत्तीस इंच असलेली पहिली कयाक म्हणून बरी. रुंद कयाक स्थिर असते पण संथ चालते. लांब कयाक सरळ आणि जोरात जाते, पण तिवरांच्या चिंचोळ्या फाट्यात वळताना त्रास देते. वाहून नेण्याच्या क्षमतेत तुमचं वजन, सामान, पाणी आणि बर्फ सगळं धरून बरीच सूट राहू द्या. प्लास्टिकची एकसंध कयाक पंचवीस-तीस किलोची असते. जेट्टीच्या शेवाळलेल्या उतारावरून ती एकट्याने उतरवणं हे वेगळंच काम आहे. छोटी चाकगाडी मिळाली तर घ्याच.

पायाने चालवायची पेडलची कयाक सोयीची आहे, दोन्ही हात गरीला मोकळे राहतात. पण उथळ पाण्यात, गाळात आणि जाळ्यांच्या दोऱ्यांत तिचा पंखा किंवा पाती अडकतात. कोकणातल्या खाड्यांसाठी पहिलं वर्ष साधं वल्हंच हातात ठेवा, हा माझा ठाम सल्ला.

पैसे कमी असतील तर कशावर आधी खर्च करावा? जॅकेटवर. कयाकसाठी बनवलेलं लाइफ जॅकेट, ज्याला खांद्याशी आणि काखेत मोकळीक असते. फेरीबोटीत टांगलेलं जाड केशरी जॅकेट घालून वल्हवता येत नाही. मग माणूस ते काढून पाठीमागे ठेवतो, आणि पाठीमागे ठेवलेलं जॅकेट कुणाचाही जीव वाचवत नाही. त्याला शिट्टी बांधून ठेवा.

भरती-ओहोटी कशी समजून घ्यायची?

या सगळ्या प्रश्नांत हा एकच नीट समजला तरी बाकीचं हळूहळू येईल. फोनवर भरतीची वेळ दाखवणारी ॲप आहेत, ती वापरा. पण त्याआधी आपल्या आजोबांचा हिशेब शिका, कारण त्याने पाणी डोक्यात बसतं.

तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. तो भरतीचा तास. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसातून दोन भरत्या, मधे साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, त्यामुळे दर दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्याला तासाभराच्या फरकाने जुळतो. खाडीत जसजसं वर जाल तसतसं पाणी उशिरा पोचतं. दाभोळला भरती पूर्ण झाली तरी वर चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्याला पाणी अजून चढतच असतं.

आता उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या पुढेमागे भांग, तेव्हा दोन्ही कमी. मुंबई-अलिबागकडे उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, मालवण-वेंगुर्ल्याकडे दोन-अडीच मीटरच्या आसपास राहते. म्हणून धरमतरच्या खाडीचा अनुभव घेऊन कर्लीच्या खाडीत गेलात तर पाणी अगदी शांत वाटेल. उलट दिशेने गेलात तर घाबरायला होईल.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. साधारण माणूस कयाक ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवतो. उधाणाच्या ओहोटीत, अरुंद जागी, मधल्या दोन तासांत प्रवाहही तितकाच जोरात असू शकतो. तुम्ही वल्हवत राहाल आणि काठावरचं माडाचं झाड तिथल्या तिथेच दिसेल.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, एका आतल्या फाट्यात मासे लागत होते म्हणून मी तिसरा तास लागला तरी बाहेर निघालो नाही. फाट्याच्या तोंडाशी आलो तेव्हा तिथे पाणीच नव्हतं, चकाकणारा गाळ होता. पाय टाकून पाहिला तर मांडीपर्यंत गेला. चार तास कयाकमध्ये बसून राहिलो, पाण्याची एकच बाटली होती. त्यानंतर आजवर आतल्या फाट्यात ओहोटीचा दुसरा तास संपायच्या आत बाहेर, हा नियम मोडलेला नाही. बरोबर तीन लिटर पाणी असतं, सकाळी दोनच तासांसाठी निघालो तरी.

मग नवख्याने कोणत्या दिवशी जावं?

नवमी किंवा दशमीला. मी नवीन माणसाला नेहमी हीच तिथी सांगतो, आणि त्यामागे हिशेब आहे. भांग असल्यामुळे प्रवाह सौम्य. भरती सकाळी सात-साडेसातला. सव्वासहाला पाण्यात उतरलात तर चढत्या पाण्याबरोबर आरामात वर जाता येतं. पाणी फिरलं की ओहोटीबरोबर गरवत खाली यायचं. अकराच्या सुमाराला खारे वारे सुरू होतात, त्याच्या आत तुम्ही जेट्टीला परत. जाताना पाण्याची साथ, येताना पाण्याची साथ, आणि वारा पडलेला. असा दिवस पक्षातून एक-दोनदाच येतो.

खाडीच्या मुखाकडे मात्र या दिवसांतही जाऊ नका. दुपारी वारा समुद्राकडून आत येतो आणि ओहोटीचं पाणी बाहेर जात असतं. दोघं समोरासमोर आले की मुखावरच्या वाळूच्या पट्टीवर आखूड, उभ्या लाटा उठतात. मोठ्या होडीवाल्यांनाही तिथे जपून जावं लागतं. पहिलं वर्षभर खाडीवरच्या पुलाच्या आतल्या बाजूलाच राहा.

अनुभव आल्यावर लोक द्वादशी-त्रयोदशी पसंत करतात, कारण पाणी जोरात वाहतं तेव्हा मासा जास्त खातो. भांगेला मासा थोडा सुस्त असतो हे खरं. पण शिकणाऱ्याला मासा थोडा कमी मिळाला तर काही बिघडत नाही.

जिताडा खाडीत नेमका कुठे असतो?

तो पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांत शिरलेली कोळंबी, बोयांची पिल्लं, छोटे मासे सगळे पाण्याबरोबर बाहेर निघतात. जिथे ते पाणी एखाद्या चिंचोळ्या तोंडातून मोठ्या प्रवाहात पडतं, तिथे कडेला, प्रवाहाच्या थोडं बाजूला जिताडा उभा असतो. एकदा हे कळलं की खाडीकडे बघण्याची नजर बदलते.

खारबंदिस्तीच्या बांधांना पाणी सोडायची दारं असतात, आपण त्यांना उघाडी म्हणतो. ओहोटीला उघाडीतून पाणी सुटतं ती जागा सगळ्यात आधी बघा. मग छोट्या फाट्यांची तोंडं, बुडालेली झाडं, जुन्या धक्क्यांचे दगड, पुलाचे खांब. पुलाच्या खांबामागे पाणी जिथे शांत फिरतं तिथे आमिष पोचलं पाहिजे. खांबाला कयाक मात्र चिकटू देऊ नका, प्रवाह तिला आडवी दाबून ठेवतो आणि पाहता पाहता उलटवतो.

पाण्याचा रंगही बघा. चहासारखं गढूळ पाणी आणि हिरवट निवळ पाणी जिथे भिडतं ती रेघ दिसली तर तिच्या गढूळ बाजूने आमिष ओढा. आणि बोय उड्या मारताना दिसत नसेल, कडेला काहीच हलत नसेल, तर तिथे वेळ घालवू नका.

कोणत्या महिन्यात?

जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कयाक घरात. पाऊस ओसरला तरी लगेच घाई नको. सह्याद्रीतून येणारं लाल पाणी निवळायला वेळ लागतो, आणि वर घाटात कोसळला तर खाली ऊन असतानाही पाणी फुगतं. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. वाशिष्ठी नदीत शिवाय कोयनेच्या वीजप्रकल्पाचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, येतं, त्यामुळे चिपळूणच्या बाजूला पावसाशिवायही पाणी वरखाली होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर माझे आवडते. डिसेंबर-जानेवारीच्या गार पाण्यात जिताडा मंदावतो, तेव्हा ऊन चढल्यावर उथळात बघा. मार्चनंतर पुन्हा खाऊ लागतो, पण मे महिन्यात उष्म्याने माणूसच टिकत नाही.

रॉड, रीळ, दोरी कशी असावी?

साडेसहा-सात फुटी, मध्यम ते जड ताकदीची रॉड. त्यापेक्षा लांब असली तर मासा कयाकजवळ आणताना टोक हातात येत नाही. ३००० किंवा ४००० मापाचं स्पिनिंग रीळ, खाऱ्या पाण्याला टिकणारं. वीस-तीस पाऊंडाची विणलेली दोरी आणि पुढे दीड-दोन हात चाळीस-पन्नास पाऊंडाचा जाड लीडर, म्हणजे गळाकडचा दोरीचा तुकडा. लीडरमध्ये कंजुषी नको. जिताड्याचे दात कानशीसारखे बारीक आणि खरखरीत असतात, कल्ल्यांवरच्या झाकणाची कड तर ब्लेडसारखी. शिवाय तो पहिल्याच झटक्यात कालवं लागलेल्या मुळांत शिरतो.

रॉड, वल्हं, पक्कड, सगळ्याला दोरी बांधा. खाडीच्या तळाशी पडलेल्या वस्तू परत मिळत नाहीत. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी.

जिवंत आमिष चांगलं की रबराचा मासा?

जिवंत कोळंबीला तोड नाही. जिवंत बोयही उत्तम. पण कयाकवर ती जिवंत ठेवणं, गरीला लावणं, पुन्हा पाणी बदलणं या खटाटोपात नवख्याचं लक्ष पाण्यावरून उडतं. म्हणून मी रबराच्या, शेपटी हलणाऱ्या माशापासून सुरुवात करायला सांगतो: चार इंचाचा, दहा-पंधरा ग्रॅम वजनाच्या गरीवर. अडोशाच्या वरच्या बाजूला फेकायचा, प्रवाहाने आत नेऊ द्यायचा, मग दोन-तीन फिरक्या आणि थांबा. जिताडा बहुतेक वेळा त्या थांबण्यातच घेतो. माणसं घाईने ओढत राहतात आणि म्हणतात मासाच नाही.

लाकडी-प्लास्टिकच्या आमिषांना तीनतोंडी गळ असतात. ते काढून एकतोंडी बसवा. उड्या मारणारा मासा तुमच्या मांडीवर आणि गळाची दोन मोकळी तोंडं, या प्रसंगाची कल्पना करून बघा. गळ मुळांत अडकला तर कयाक जवळ नेऊन सोडवा. खारफुटीची फांदी तोडायची नाही. तो गुन्हा आहेच, आणि ज्या अडोशाला मासा येतो तोच अडोसा आपण तोडत असतो.

मासा लागला. आता?

आधी बसून राहा. उभं राहायचा मोह होतो, तो आवरा. रॉड कयाकच्या टोकाच्या दिशेला ठेवा, अगदी काटकोनात बाजूला नको. मोठा मासा बाजूने खेचतो तेव्हा कयाक कलते. टोकाकडून खेचला तर तो तुम्हाला कयाकसकट ओढत नेतो आणि तेवढ्यातच दमतो. लागल्या लागल्या मुळांपासून दूर जायला एका हाताने दोन वल्ही मारा, हे नंतर सवयीने जमतं.

जिताडा उडी मारतो तेव्हा डोकं झाडतो. त्या क्षणी रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, दोरी किंचित सैल करा, नाहीतर गळ सुटतो. जवळ आला की रबरी जाळीच्या हातजाळ्यात घ्या. कल्ल्यात बोटं घालून उचलायचं नाही, बोट कापतं. खालचा जबडा लिप ग्रिपने, म्हणजे जबडा धरायच्या चिमट्याने, धरा आणि दुसरा हात पोटाखाली. नुसता जबड्यावर लोंबकळत ठेवला तर मोठ्या माशाचा मणका आणि जबडा दुखावतो.

सोडायचा असेल तर पाण्याबाहेर फार तर फोटोपुरता. मग डोकं प्रवाहाकडे करून पाण्यात धरा. तो स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत हात काढू नका.

किती मोठा ठेवावा, कोणता सोडावा?

इथे माझं मत फार ठाम आहे. जिताडा जन्मतः नर असतो. काही वर्षं नर म्हणून जगतो, आणि साधारण ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गेला की मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्या. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या खाऱ्या मुखाकडे उतरून लाखोंनी अंडी घालतात आणि पिल्लं पुन्हा तिवरांत, खाजणात वाढायला येतात. फोटोसाठी सगळ्यात मोठा मासा मारला की त्या खाडीची आईच आपण नेली.

फार छोटा सोडा, तो अजून एकदाही विणीला आलेला नाही. फार मोठा सोडा, ती मादी आहे. मधला एखादा घरी न्या, त्याचं कालवण करा, आणि तेवढ्यावर थांबा. बर्फाचा डबा बरोबर असेल तरच न्या. उन्हात कयाकच्या पायाशी सुकलेला मासा म्हणजे त्याचा अपमान आहे.

वाशिष्ठीत मगरी आहेत म्हणतात, खरं का?

खरं आहे. वाशिष्ठीत आणि महाडकडे सावित्रीत मगरी आहेत, काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. त्यांच्यापासून लांबून जा, काठावर मगर दिसली त्या बाजूला उतरू नका. मासा दोरीला बांधून पाण्यात सोडून ठेवायची सवय या दोन नद्यांत सोडून द्या. पाय पाण्यात लोंबकळत ठेवू नका. संध्याकाळनंतर तिथे थांबू नका. नवख्याने शिकायला दुसरी खाडी घ्यावी. केळशी, आंजर्ले, आचरा अशा लहान खाड्या आहेत, त्या शिकायला सोप्या आहेत.

कयाक उलटली तर?

घरी वाचून हे कळत नाही, करून बघावं लागतं. छातीभर पाण्यात, मित्राला काठावर उभं करून, मुद्दाम उलटवा. कयाक सोडायची नाही. पालथ्या कयाकवरून पलीकडची कड किंवा पट्टा धरून स्वतःकडे ओढा, ती सरळ होते. मग मधोमध या, पाय पाण्याच्या वर येईपर्यंत जोराने मारा आणि पोटावर आडवे चढा. क्षणभर तसेच पडून राहा. मग वळून बसा आणि शेवटी पाय आत. दहा वेळा करा. अकराव्यांदा दमलेले असताना करा, कारण खरी वेळ तेव्हाच येते.

फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधलेला. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, १५५४ तटरक्षक दलाचा, १०९३ सागरी सुरक्षेचा. फोनमध्ये आधीच भरून ठेवा. घरच्यांना किंवा जेट्टीवरच्या कुणाला कुठे जातोय, किती वाजता परत येणार हे सांगून निघा. आणि पहिलं वर्षभर एकटे जाऊ नका.

नांगर टाकावा का?

दीड-दोन किलोचा घडीचा नांगर पुरतो. तो नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधायचा, कधीही मधल्या बाजूला नाही. प्रवाहात मधे बांधलेला नांगर कयाकला बाजूने खाली खेचतो आणि विचार करायला वेळ देत नाही. दोरी चटकन सोडता येईल अशी गाठ, आणि जॅकेटवर सुरी. उथळात मात्र गाळात रोवलेली एक बांबूची काठी नांगरापेक्षा बरी पडते.

परवानगी लागते का?

महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे, त्याखाली नौकांना परवाना आणि नोंदणी लागते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तुम्ही ज्या तालुक्यात जाणार तिथल्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात हौशी गरवण्याबद्दल विचारून घ्या आणि सागरी पोलीस ठाण्यात नाव सांगून ठेवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे गरी घेऊन जाऊच नका. जयगडचं बंदर, दाभोळच्या मुखाजवळची एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जेट्टी यांच्यापासून लांब राहा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीला वाट द्या, ती तुम्हाला बघून थांबू शकत नाही.

पकडलेला मासा विकू नका. हौशी माणसाने बाजारात मासा नेला की कुणाच्या तरी पोटावर पाय येतो.

गावातले मच्छीमार नाराज होतात का?

जाळ्यावरून कयाक नेलीत तर होतील, आणि त्यांचं बरोबर आहे. रायगडात कोळी, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत, प्रत्येक खाडीत पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी मासेमारी करत आलं आहे. खाडीत रोवलेले खांब दिसले तर तिथे डोल किंवा बोक्षी, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावलेली असते, ओहोटीला तिच्या तोंडासमोर जाऊ नका. तुमच्या जिवालाही धोका आहे, प्रवाह सरळ जाळ्यात नेतो. काही खाड्यांत जिताड्याचे पिंजरे आहेत, त्यांच्या आसपास गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात शिरणं.

सकाळी जेट्टीवर पोचलात की आधी गाडीतून कयाक काढू नका. तिथे जाळं विणत बसलेल्या काकांना नमस्कार करा, विचारा, "काका, आज पाणी कसं आहे? जाळी कुठे लावलीयत?" मी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा त्यांनी हातातली सुई बाजूला ठेवून मला एका उघाडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "पाणी फिरलं की तिकडं जा. आणि बांधाच्या अल्याडच रहा, पल्याड दगड हाय." तो दगड कुठल्याच नकाशात नाही.

जिताड्याऐवजी दुसरं काही लागलं तर?

लागेलच. तांबोशी लागली तर नशीब, ती जिताड्यापेक्षाही जोरात मुळांकडे धावते. शेंगटी लागली तर सावध. तिच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना विष असतं, पक्कडीनेच सोडवा. पाकट कयाकवर घेऊच नका, दोरी कापा. उथळात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे तळाशी बसलेली पाकट आधीच निघून जाते. काटा लागलाच तर ती जागा सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, विषाच्या वेदना त्याने कमी होतात. मग लगेच दवाखाना.

पाच-सहा खेपा झाल्या, काहीच लागत नाही. काय चुकतंय?

बहुधा काही चुकत नाही. एक वही घाला. तारीख नको, तिथी लिहा. भरतीचा तास, ओहोटीचा कितवा तास चालू होता, वारा कुठून, पाण्याचा रंग, बोय कुठे उडत होती. मासा लागला नाही तरी लिहा. तिथी आणि पाणी यांचं नातं दर पक्षात परत येतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत त्या पानांतून एखादी जागा आपोआप वर येते.

माझ्या वहीत पहिल्या माशाच्या आधी चौदा कोरे दिवस आहेत. पंधरावी नोंद अशी: कार्तिक वद्य दशमी, ओहोटीचा दुसरा तास, वारा नाही, पाणी हिरवट, काकांनी दाखवलेली उघाडी. जिताडा, बेचाळीस सेंटिमीटर. सोडला.